बालवाडीतलं पहिलं वर्ष : नव्या ताईंसाठी

जून आला की कितीतरी जणी पहिल्यांदाच बालवाडीत ताई म्हणून उभ्या राहतात. कुणी संस्थेत लागलेली असते, कुणी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची बालवाडी काढलेली असते, कुणी अंगणवाडीत सेविका म्हणून नुकतीच रुजू झालेली असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. 3 ते 6 वर्षांच्या पंधरा-वीस मुलांबरोबर रोजचे तीन तास कसे घालवायचे, त्यासाठी काय जमवायचं, आणि ‘अजून लिहायला का देत नाही?’ असं पालकांनी विचारलं तर काय सांगायचं, ते यात आहे.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. या वयात खेळ हाच धडा असतो. बऱ्याच ठिकाणी वेळापत्रकात आधी ‘अभ्यास’ असतो आणि उरलेल्या वेळात खेळ. तिथे खेळ म्हणजे फक्त मधली सुट्टी. पण भातुकली मांडून बसलेली चार वर्षांची मुलगी पाहा. ती पाहुणे मोजते, प्रत्येकापुढे एकेक ताटली ठेवते, भात म्हणून पानं वाटून देते, कमी पडली तर परत आणायला उठते, ‘तू आजोबा हो’ म्हणून दुसऱ्याला पटवते. मोजणी, भाषा, आठवण, दुसऱ्याचं मन ओळखणं हे सगळं त्या अर्ध्या तासात होतं. या खेळाला जागा, वेळ आणि सामान देणं आणि डोळे उघडे ठेवून जवळ असणं, हे ताईचं काम. ऐकायला हे सोपं वाटतं. करताना मात्र दिवस संपेपर्यंत पाय दुखतात.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये गुजरातमधल्या भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. इटलीतून आलेल्या मॉन्टेसरी बालशिक्षण पद्धतीची साधनं महाग होती आणि समोर वारली पाड्यांवरची मुलं होती. म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाड्या देशभर उघडल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने 3 ते 8 वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. तेव्हा कुणी ‘हे काय नवीन खूळ?’ म्हणालं तर बिचकू नका.

आधी मुलं ओळखा

सामान आणण्याआधी मुलांची वयं एका कागदावर लिहा, वर्षं आणि महिने दोन्ही. या वयात सहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेजारी खेळतं, दुसऱ्याबरोबर नाही. दोघं एकाच वाळूत बसलेली असतात, पण खेळ दोन असतात. त्याला ‘सगळ्यांनी मिळून खेळा’ म्हणण्यात अर्थ नसतो. चार-साडेचारच्या सुमाराला ‘तू ड्रायव्हर, मी कंडक्टर’ सुरू होतं. पाच वर्षांच्या मुलांना नियम हवे असतात, ती स्वतः नियम करतात आणि त्यावरून भांडतातही. म्हणून एकाच खोलीत तिन्ही वयाची मुलं असतील तर एकच खेळ सगळ्यांना एकदम देऊ नका.

घरची भाषाही टिपून ठेवा. मूल अहिराणीत, मालवणीत, वारलीत किंवा हिंदीत बोलत असेल तर त्या भाषेतले दहा-पंधरा शब्द ताईने शिकावेत: पाणी, शू, दुखतं, आई, भूक, नको. मूल आपल्या भाषेत बोललं की त्याला अडवून ‘नीट बोल’ म्हणू नका. मराठी त्याच्या कानावर पडत राहते आणि खेळता खेळता जिभेवरही येते. अडवलेलं मूल मात्र बोलणंच थांबवतं, आणि मग त्याला काय येतं ते आपल्याला कधीच कळत नाही.

खोली आणि कोपरे

खोली लहान असली तरी चालते, पण मधली जागा मोकळी हवी. बाकडी असतील तर भिंतीला लावा किंवा काढून टाका. एक सतरंजी मध्ये, बाकीचं सामान कडेला. सामान मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवा. कपाटात कुलूपबंद खेळणी असलेली बालवाडी मला फार वाईट वाटते. तिथली मुलं सगळा वेळ ताईच्या किल्लीकडे बघत बसतात.

चार कोपरे करा: घर-घर किंवा दुकानाचा, ठोकळ्यांचा, चित्र आणि मातीकामाचा, आणि पुस्तकांचा. ठोकळ्यांचा कोपरा दारापासून लांब ठेवा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या पायांनी घरं पडतात आणि रडारड होते. पुस्तकांचा कोपरा उजेडाजवळ. जुन्या साडीचा आडोसा लावला की त्यात दोन मुलं शांत बसू शकतात, आणि गोंगाटाने दमलेल्या मुलाला अशी जागा लागतेच. पाणी आणि वाळू बाहेर, ओट्यावर किंवा अंगणात.

प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात नाव लावा. मूल चित्र बघून वस्तू जागेवर ठेवतं. अक्षर रोज डोळ्यांखालून जातं, तेवढं सध्या पुरे.

सामान

बाजारातली रंगीत प्लास्टिकची खेळणी एका पद्धतीनेच खेळता येतात. बटण दाबलं की गाणं वाजतं, झालं. करवंटी मात्र आज वाटी असते, उद्या टोपी, परवा कासव. असं उघडं सामान जमवा.

सुताराकडे लाकडाचे उरलेले तुकडे मिळतात. पॉलिश पेपरने घासून, कडा गुळगुळीत करून घेतले की उत्तम ठोकळे होतात. मुलांना सगळ्यांत जास्त काळ पुरतात ते हेच, म्हणून निदान दोन पोती भरतील एवढे जमवा. थोडे ठोकळे असले तर फक्त भांडण होतं. मापात ठेवता आले तर दोन लहान मिळून एक मोठा होईल असे कापून घ्या. ‘इथे मोठा संपला, मग दोन बारके लाव’ हे मूल आपणहून शोधतं. तीच त्याची बेरीज.

बाकी: जुन्या ओढण्या आणि साड्या, डबे आणि झाकणं, नरसाळं, गाळणी, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, काथ्या, पुठ्ठ्याची खोकी, बंद पडलेला फोन (बॅटरी काढून), वडिलांच्या मापाच्या चपला, टोपी, पिशव्या. पालकांना पहिल्याच सभेत यादी द्या. चार दिवसांत खोली भरते.

पिठाची माती घरी करता येते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं पाणी घालून पोळीच्या कणकेसारखं मळा. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस. घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस टिकते. पावसाळ्यात ओलसर होते, तेव्हा वरून थोडा मैदा भुरभुरवून परत मळा. मीठ भरपूर असल्यामुळे ती खायची नाही, हे मुलांना आणि त्यांच्या आयांनाही सांगा. जवळ कुंभारवाडा असेल तर खरी माती आणा. पिठापेक्षा ती कितीतरी चांगली, कारण तिला वजन असतं आणि ती बोटांना जोर लावायला भाग पाडते.

आता सुरक्षेचं. यात ढिलाई नको. टिश्यू पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी जवळ ठेवा. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. चिंचोके, मणी, बटणं मोठ्या मुलांसाठी, आणि तेही ताई समोर बसलेली असतानाच. नाका-कानात घालायची सवय असलेलं मूल गटात असेल तर त्याच्या वयाकडे न बघता हे सामान बाजूला ठेवा. बियांच्या बाबतीत एक गोष्ट फार जपा: लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर असतात, म्हणून कुणीतरी हौसेने आणून देतं. त्या विषारी आहेत. एरंडाच्या आणि कण्हेराच्या बियाही तशाच. घरात किंवा अंगणात यांतलं काहीच नको. घड्याळाच्या चपट्या गोल बॅटऱ्या, सुटे लोहचुंबक, फुटलेल्या फुग्याचे तुकडे, काचेच्या बांगड्या हेही बाहेर. पाण्याचा टब वापरून झाला की लगेच उपडा करायचा. टब भरलेला असेल तोवर ताईने तिथून एक पाऊलही हलायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. वाळू चाळून घ्या आणि रात्री झाकून ठेवा, मांजरं येतात.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत शिकवण्याचं काहीच मनात धरू नका. मुलाला ही जागा आपली वाटली की काम झालं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकदम बोलावू नका. पाच-सहांचे गट करा आणि वेळ एक तासाचा ठेवा. आईला किंवा आजीला आत बसू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने मुलाला सांगून बाहेर जायचं: ‘मी भाजी घेऊन येते, खाऊ खाऊन झाला की मी दारात असेन.’ आणि तेव्हा ती खरंच दारात हवी. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप निघून जाण्याची जी पद्धत आहे ती बंद करा. एकदा असं झालं की मूल पुढे कित्येक दिवस दारावरची नजर काढत नाही, आणि खेळात त्याचं मन लागत नाही.

रडणाऱ्या मुलाला ‘रडायचं नाही, बघ ती कशी शहाणी आहे’ असं म्हणू नका. कडेवर घ्या. ‘आईची आठवण येतेय ना? येणार आहे ती.’ एवढं म्हणा आणि हाताला काहीतरी द्या. पाणी आणि पीठ यांनी बहुतेक मुलं शांत होतात. हात कामात गुंतले की हुंदके आपोआप ओसरतात. आईची ओढणी, घरची बाहुली आणायला परवानगी द्या.

दिवस कसा बांधायचा

घड्याळाच्या काट्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. रोज त्याच क्रमाने दिवस गेला की मुलांना पुढे काय ते कळतं आणि ती निश्चिंत होतात. सकाळी नऊ ते बारा अशी बालवाडी असेल तर पहिली वीस मिनिटं येणाऱ्यांसाठी सोडा. चपला ठेवणं, दप्तर अडकवणं, ताईशी दोन शब्द. मग गोलात पंधरा मिनिटं, जास्त नाही: बडबडगीत, कोण आलं-कोण नाही, बाहेर पाऊस आहे की ऊन. त्यानंतर सलग तास-पाऊण तास मुक्त खेळ. कोणत्या कोपऱ्यात जायचं ते मूल ठरवेल.

हा सलग वेळ मोडू नका. खरा खेळ रंगायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आधी सामान काढलं जातं, मग कोण कोण होणार यावर वाद होतो, आणि त्यानंतर गोष्ट सुरू होते. वीस मिनिटांनी टाळी वाजवून ‘चला, आता चित्रकला’ म्हटलं की मुलं रोज फक्त तयारीच करतात. आवरायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक कोपऱ्याजवळ जाऊन हळू सांगा.

पुढे हात धुणं आणि खाऊ. खाऊला घाई नको. डबा स्वतः उघडणं, सांडलेलं पुसणं, शेजाऱ्याला देणं यातही शिकणं आहे. मग अर्धा तास अंगणात पळणं, चढणं, लोंबकळणं. दोरी जमिनीवर ठेवून तिच्यावरून चालायला सांगा, टायर ढकलायला द्या, मामाचं पत्र खेळा. शेवटी सगळे दमलेले असताना गोष्ट. गोष्ट तीच तीच सांगा. मुलांना पुढचं माहीत असतं म्हणूनच मजा येते, आणि आठवड्याच्या शेवटी तीच गोष्ट ती स्वतः करून दाखवतात.

खेळ चालू असताना

नव्या ताईला सगळ्यांत अवघड जातं ते इथे. काहीतरी शिकवलं पाहिजे असं सारखं वाटत राहतं. मूल ठोकळे रचत असतं आणि आपण जाऊन विचारतो, ‘हा कोणता रंग? किती ठोकळे? मोज बरं.’ मूल उत्तर देतं आणि उठून जातं. खेळ गेला.

आधी दोन-तीन मिनिटं नुसतं बघा, खाली बसून, मुलाच्या उंचीवर. मग वाटलं तर खेळातलंच पात्र होऊन आत जा. दुकानदार मुलगा म्हणाला, ‘ताई, कांदे संपले,’ तर ‘अरे देवा, मग भाजीत काय घालू? आणि पाहुणे तर सहा आहेत!’ असं म्हणा. तो विचार करेल, बटाटे देईल, सहा मोजून देईल किंवा मुठीने देईल. मुठीने दिले तर ‘प्रत्येकाला एकेक पुरेल का?’ एवढंच विचारा आणि त्याला वाटून बघू द्या. मोजणी शिकवायची ती इथे, त्याला गरज पडते तेव्हा. एकेकाला एकेक हे पक्कं झाल्याशिवाय एक ते शंभर पाठ म्हणणं म्हणजे नुसतं गाणं म्हणणं आहे.

चित्र बघून ‘छान छान’ म्हणण्याची सवय सोडा. ‘इथे तू खूप जोरात गोल गोल फिरवलंयस’ असं दिसलं ते बोला. मग मूल स्वतःच सांगतं की ते वादळ आहे. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं तर मुलाला वाटतं आपलं चुकलं. आणि त्याचा हात धरून चित्र नीट करून देऊ नका, स्नेहसंमेलन तोंडावर आलं असलं तरी.

भांडणं होणारच. दोघांना एकच ट्रक हवा असेल तर दोघांच्या मध्ये खाली बसा, ट्रकवर हात ठेवा आणि म्हणा, ‘दोघांनाही हाच हवा आहे. काय करूया?’ चार वर्षांपुढची मुलं आश्चर्य वाटेल असे तोडगे काढतात. तीनच्या मुलांसाठी सरळ दुसरा ट्रक आणा. लोकप्रिय वस्तू दोन-दोन ठेवल्या की निम्मी भांडणं होतच नाहीत. मारलं तर मात्र लगेच थांबवायचं, हात धरून, आवाज न चढवता.

लिहिण्याचा प्रश्न

ऑगस्ट आला की एखादी आई दारात थांबून म्हणते, ‘शेजारच्या शाळेतली मुलगी अ ते ज्ञ लिहिते, आमच्याकडे अजून काहीच नाही.’ तिची काळजी खरी आहे. पहिलीत मूल मागे पडेल ही भीती तिला आहे आणि फी तिने पोटाला चिमटा काढून भरली असेल. तिला टाळू नका, बसवून सांगा.

साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढू लागतं, चौथ्याच्या आसपास उभ्या-आडव्या रेघांची फुली (+), पाचच्या सुमाराला चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. म्हणजे तिरपी रेघ नेमक्या जागी थांबवणं हाताला पाचनंतरच जमू लागतं. आता ‘अ’ बघा: दोन अर्धगोल, आडवी दांडी, उभी रेघ, वर शिरोरेघ. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर लांबच. या वयात मनगटाची हाडंही अजून पूर्ण तयार झालेली नसतात. तीन वर्षांच्या मुलाकडून पानं भरून घेतली की ते पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. लिहिण्याचा कंटाळा येतो तो वेगळाच.

मग आपण काय करतो तेही तिला दाखवा. पिठाचे गोळे वळणं, कपडे वाळत घालायचे चिमटे दाबणं, ओली फडकी पिळणं, वाटाणे सोलणं, भिंतीवर ओल्या ब्रशने पाण्याचं चित्र काढणं, पाटीवर मोठमोठे गोल. हे लिहिण्याचंच काम आहे, बोटांचं आणि खांद्याचं. कानाचंही काम चालू असतं: ‘क’ने सुरू होणारं काय काय, ‘पाटी’सारखं वाजणारं काय. अक्षरं आम्ही लपवत नाही. पाचच्या मुलाला स्वतःचं नाव ओळखावंसं वाटतं, दुकानाची पाटी लिहावीशी वाटते. मागेल तेव्हा त्याला लिहून दाखवतो. मागत नसेल तर थांबतो.

बोलून पटत नसेल तर पालकांची सभा खेळाची घ्या. आई-बाबांना ठोकळे, माती, दुकान देऊन अर्धा तास खेळू द्या आणि मग विचारा, तुम्ही काय काय केलंत. उत्तरं फळ्यावर लिहा. मोजलं, ठरवलं, भांडलो, पुन्हा केलं. ती यादी भिंतीवर वर्षभर राहू द्या.

वर्षाचा धागा

वेगळा ‘प्रकल्प’ शोधायची गरज नाही, आपलं वर्षच भरलेलं आहे. जून-जुलैत पागोळ्यांखाली डबे लावा, कोणता आधी भरतो ते बघा, कागदी होड्या सोडा, गांडूळ बघा. श्रावणात पोळ्याला मातीचे बैल. आश्विनात भोंडल्याचा फेर. दिवाळीच्या आधी किल्ला, आणि किल्ला तर सोडूच नका. आठ दिवस द्या. दगड रचणं, माती कालवणं, बुरूज ढासळला की परत बांधणं, पायऱ्या कुठून न्यायच्या ते ठरवणं, वर अळीव पेरून रोज पाणी घालणं. ठोकळ्यांपासून सुरू झालेलं सगळं इथे एकत्र येतं, आणि गल्लीतली मोठी मुलंही मदतीला येतात. किल्ला वाकडा झाला तरी त्याला हात लावू नका.

टिपणवही

प्रत्येक मुलाला वहीची चार पानं द्या. रोज फक्त तीन-चार मुलांबद्दल दोन ओळी लिहा, म्हणजे आठवड्यात सगळी येतात. ‘हुशार’, ‘खोडकर’, ‘लाजरा’ असे शब्द नकोत. जे दिसलं ते लिहा: ‘काथ्याने तीन डबे बांधून गाडी केली. गाठ सुटली तेव्हा मदत मागितली, मग दुसऱ्याला गाठ दाखवली.’

या वहीचा दुसरा उपयोग मोठा आहे. हाक मारल्यावर मूल वळत नाही, नजर देत नाही, तीन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, सारखं पडतं, चित्र डोळ्यांजवळ धरतं, असं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं तर थांबू नका. ‘होईल हळूहळू’ म्हणण्यात मोलाचे महिने जातात. आई-वडिलांशी एकांतात, हळुवारपणे बोला, वही दाखवा, कान-डोळे तपासून घ्यायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, पुढचे उपचारही मोफत मिळतात. तुमची बालवाडी खासगी असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आणि ते मूल खेळातून बाजूला काढू नका. बोलता न येणाऱ्या मुलालाही दुकानातला हमाल होता येतं.

वर्ष संपताना ज्यांना पहिलीत जायचं आहे त्यांच्या पानांवरून एकेक पानाचं पत्र करा: याला काय आवडतं, काय येतं, कशाने बुजतो, कशाने शांत होतो. पालकांना वाचून दाखवा आणि त्यांच्या हाती द्या. जूनमध्ये नव्या बाईंना भेटतील तेव्हा ते पत्र त्यांच्याकडे असू दे.